गळ घालणाऱ्या दोघी

१० ऑगस्ट

प्रिय छबू,

तुला आणि गुंड्याला आशीर्वाद. साठी उलटलेल्या नवऱ्याला गुंड्या म्हटलेलं तुला आवडत नाही, माहीत आहे. पण मी त्याची थोरली बहीण आहे, मी म्हणणार.

परवा फोनवर तू काय बोललीस त्यातलं मला अर्धंही कळलं नाही. तू म्हणत होतीस "उजवा हात" आणि मी ऐकलं "उद्या जात". मग मी विचारत बसले, उद्या कुठे जाताय? आणि तू तिकडे रडत होतीस. तेव्हा यापुढे पत्रच. मेसेज करत जा असं सगळे सांगतात, पण मेसेज दोन ओळींचा असतो आणि मला दोन ओळींत भांडता येत नाही.

अर्धांगाचा झटका सौम्य होता असं तुझ्या शेजारणीनं कळवलं. सौम्य कसला डोंबलाचा! ज्या माणसाचं सगळं पोटपाणी बोटांवर, त्याची बोटंच गेली. वडील गेल्यापासून मासेमारीच्या सामानाचं ते दुकान त्यानं एकट्यानं ओढलं. गळ, दोरे, काठ्या, गांडुळं, दुसरं जग त्याला माहीतच नाही. आता पुरे झालं.

शेजारच्या फर्निचरवाल्याचं मला पत्र आलंय. त्याला दुकानाची जागा हवी आहे, वरच्या खोल्यांसकट. जागा माझ्या आणि गुंड्याच्या नावावर, म्हणून दोघांच्या सह्या लागतील. माझी तयार समज. गुंड्याला सोडवणार नाही, ते मी ओळखून आहे. तू त्याला गोडीगुलाबीनं समजाव. तुला तरी त्या वासातून सुटका मिळेल. लग्न होऊन आलीस तेव्हा नाकाला रुमाल लावून दुकानातून जिना गाठायचीस, आठवतं ना?

तुझी,
ताई

---

२१ ऑगस्ट

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. हल्ली तसंच असतं. पाय सुधारलाय, धरून धरून चालतात. बोलणं जरा जड आहे, पण कळतं. हात मात्र अजून परक्याचा असल्यासारखा मांडीवर पडून असतो.

दुकान विकण्याचं म्हणाल, तर ह्या घरातून होकार येईल असं वाटत नाही.

सध्या मी खाली बसते. काउंटरमागच्या खणांत गळ कुठल्या नंबरचे कुठे, हे कळेपर्यंत बोटांची चाळण झाली. मागच्या बाजूला गांडुळांच्या पेट्या आहेत, त्यांची माती रोज ओली करावी लागते. तंगूस, म्हणजे तो नायलॉनचा दोरा, गळाला बांधायची गाठ मला नदीवरच्या नावाड्यानं शिकवली. ओली करून आवळायची, नाहीतर ऐन वेळी सुटते. मी जिभेनं ओली करते. तुम्ही बघितलं असतं तर हसला असता.

गिऱ्हाईक कमी झालंय, हे खोटं सांगत नाही. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर खेळाच्या सामानाचं भलंमोठं दुकान निघालंय. काचेचे दरवाजे, थंड हवा, काठ्यांची रांगच्या रांग. बाकीचे फोनवरून मागवतात. काल एक गृहस्थ आले, तासभर मला पिडलं. ही काठी जड पडेल का, ह्या रिळावर कुठला दोरा बसेल, वाहत्या पाण्यात शिशाचं वजन किती लावावं. मी सांगत गेले. सगळं ऐकून म्हणाले, "छान माहिती दिलीत," आणि तिथेच उभे राहून फोनवर ऑर्डर केली. वर मला विचारतात, "आली की बसवून द्याल ना?"

मी म्हटलं, "देईन की. चपलाही घालून देऊ का?"

तुम्ही सहीची घाई करू नका, एवढंच.

तुमची,
छबू

---

३० ऑगस्ट

छबू,

म्हणजे गुंड्याचा हेका कायम! मला वाटलंच होतं. लहानपणी वडिलांनी शाळेत घालायला नेलं तर हा काउंटरखाली शिरून बसला होता. शेवटी काठीच्या टोकानं डिवचून बाहेर काढावा लागला.

आणि तू बिचारी त्याच्या हट्टापायी गांडुळांना पाणी घालत बसलीयेस. पण असं फुकटचं सल्ला-केंद्र किती दिवस चालवणार? जग बदललं म्हणून रडून काय होतंय. लोकांना स्वस्तात आणि घरपोच मिळतं, ते तिकडेच जाणार. मीही सगळं घरपोचच मागवते. दार उघडलं की खोकं, दार लावलं की संपलं.

तू आता मध्ये पडू नकोस. मी त्यालाच सरळ लिहिते. माझ्या शब्दाबाहेर तो कधी गेलेला नाही.

ताई

---

७ सप्टेंबर

ताई,

डाव्या हातानं लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

मी नाही म्हणतोय हे तुला कुणी सांगितलं? तो फर्निचरवाला वर मला भेटायला आला, तेव्हाच मी त्याला हो म्हटलंय. नाही म्हणतेय ती छबू.

मला गाठ मारता येत नाही. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी दातांत तंगूस धरून ओढतोय, हे मला बघायचं नाही. दुसऱ्या कुणाला दाखवायचंही नाही. आजारी पडल्यापासून मी जिना उतरलेलो नाही. खालून तिचा आवाज येतो. लोकांशी भांडत असते. मध्येच हसते. मी वर ऐकत पडतो.

तूच तिला समजाव. माझं ऐकत नाही.

गुंड्या

---

१३ सप्टेंबर

छबूबाई,

ताकास तूर लागू दिली नाहीस गं! तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. "ह्या घरातून होकार येईल असं वाटत नाही." ह्यांच्याकडून नव्हे, ह्या घरातून! खोटं एक अक्षर नाही आणि मला मात्र चांगलं गंडवलंस. मी इकडे भावाला शिव्या घालतेय आणि भाऊ बिचारा सही करून मोकळा व्हायला बसलाय.

आता सरळ उत्तर दे. तुला मासे आवडत नाहीत. धंद्याचा तुला गंध नव्हता. नवरा विक म्हणतो, नणंद विक म्हणते. मग तू कुणासाठी अडून बसलीयेस?

पटलं तर सही थांबवीन. नाही पटलं तर महिनाअखेरीला कागद पोस्टात टाकीन. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

ताई

---

२ ऑक्टोबर

ती. ताईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. महिनाअखेर उलटून गेली, म्हणजे कागद कदाचित पोस्टात पडलेही असतील. पडले असतील तरी हे वाचा. मध्यंतरी जे घडलं ते सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

सुरुवातीला मी खाली उतरले ती गांडुळं मरतील म्हणून. खरंच सांगते, दुसरं काही मनात नव्हतं. ह्यांना दवाखान्यातून आणलं, दुकान बंद, आणि मला सारखं वाटत राहिलं की पेट्यांमधली माती वाळत असेल. पाणी घालायला म्हणून शटर अर्धं वर केलं, तर बाहेर तिघं उभे. "वहिनी, कसे आहेत ते?" सामान नको होतं कुणाला. त्यांना आत घेतलं आणि मग रोजच शटर उघडत गेले.

तर आमच्याकडे एक बँडमास्तर येतात. जन्मभर लग्नाकार्यांत बँड वाजवला, आता निवृत्त आहेत आणि एकटेच राहतात. तुमच्यासारखेच कानांनी अधू. कानातलं यंत्र मासे धरताना काढून खिशात ठेवतात, म्हणतात आता कुठे शांतता मिळालीये. रोज सकाळी गांडुळांचा डबा नेतात, जाताना आज कुठे बसणार ते सांगतात, आणि घरी जाताना रिकामा डबा टाकून जातात. त्या दिवशी म्हणाले, "आज वळणाच्या खालचे सपाट खडक."

दुपारी धरणाचा भोंगा झाला. वरून पाणी सोडणार असले की वाजवतात. काठावरची माणसं आवरून निघून येतात, आमच्या दुकानावरूनच जातात सगळी. मी काउंटरवरून बघत होते. एक गेला, दुसरा गेला, बापलेकांची एक जोडी गेली. मास्तर काही दिसले नाहीत. डबाही आला नव्हता.

जिन्यातून ओरडले, "अहो, मास्तर परत आले नाहीत! खडकावर आहेत!" आणि समोर टांगलेली होती ती लांब काठी खेचून नावाड्याकडे धावत सुटले. काठी का घेतली विचाराल तर सांगता येणार नाही.

मास्तर खडकाच्या टोकाला चिकटून उभे होते. पाणी कमरेच्या वर आलं होतं. होडी जवळ नेली तर खडकावर आपटून फुटली असती. नावाड्याकडे दोर होता पण तो काठावरून तिथवर फेकला जाईना, पाण्यात पडून वाहत यायचा. मग त्यानं माझ्या हातातल्या काठीकडे बघितलं आणि मला कळलं. तंगूसला शिशाचं वजन बांधून ते पलीकडे फेकायचं, त्यांनी ओढून घ्यायचं, आणि तंगूसच्या मागून दोर जाईल. गेला महिनाभर मागच्या गल्लीत उपड्या बादलीवर नेम धरून मी वजन फेकायचा सराव करायची, शेजारची मुलं हसायची. पहिल्या वेळी वजन अलीकडेच बुडालं. दुसऱ्यांदा त्यांच्या खांद्यावरून गेलं. पण मास्तरांचा एक हात खडकाला आणि दुसऱ्या हातात त्यांची काठी! नावाडी बोंबलतोय, "काठी सोडा!" त्यांना ऐकू कुठे येतंय. मी माझी काठी काखेत धरून दोन्ही हात हलवून हलवून दाखवलं, तेव्हा कुठे सोडली. दोर काखेखालून बांधून घेतला आणि आम्ही ओढलं.

आणि ओढत असताना माझ्या लक्षात आलं की पाणी चढायचं थांबलंय.

परत आले तर दुकानाचं शटर पूर्ण वर होतं आणि काउंटरमागे हे बसले होते. फोन खाली दुकानात ना. हे जिना उतरून आले, एकटे, बसत बसत. धरणावरच्या गेटवाल्याला फोन केला. तो आमचं जुनं गिऱ्हाईक. हे जेमतेम दोनच शब्द बोलू शकले, "गेट... मास्तर." त्याला तेवढं पुरलं. आवाजावरून ओळखलं त्यानं, आणि गेट खाली घेतलं. दुसऱ्या कुणाचा फोन असता तर त्यानं आधी नाव-गाव, कुठल्या कचेरीतून बोलताय, हे विचारलं असतं.

तुम्ही विचारलंत, कुणासाठी अडून बसलीस. ताई, त्या मोठ्या दुकानावर माझा राग नाही. तिथली मुलगी गोड आहे, जिवंत गांडुळं हवी असली की लोकांना आमच्याकडे पाठवते. पण खोकं घरी पोचवणाऱ्याला तुम्ही नदीवर गेलात की नाही हे ठाऊक नसतं, आणि परत आला नाहीत तरी त्याला कळत नाही. आम्हाला कळतं. एवढंच आहे. त्या काउंटरवर बसून कोण गेलं आणि कोण परत आलं हे बघायला कुणीतरी हवं, आणि सध्या ती मी आहे.

दुसऱ्या दिवशी कौतुकाला ही गर्दी! बाक पुरेना. मी म्हटलं, हीच वेळ आहे. काउंटरवर हात आपटला आणि सगळ्यांना सुनावलं. "सल्ला इथे, बसायला बाक इथला, बोटात गळ रुतला की धावत यायचं ते इथे, आणि खरेदी तेवढी तिकडे! असंच चाललं तर इथे कपाटं आणि पलंग लागतील. मग बोटातला गळ पलंगवाल्याकडून काढून घ्या."

मास्तर खाली मान घालून होते. खडकावर त्यांच्या हातून सुटत नव्हती ती काठी मोठ्या दुकानातली होती, नवीकोरी. मग हळूच म्हणाले, "वहिनी, वाहून गेली ती. आता तुमच्याकडची दाखवा."

ताई, सही करू नका. माझा धंदाच गळाचा, म्हणून तुम्हालाही गळ घालते. मी दुकान बंद करणार नाही. कागद गेले असतील तर परत मागवा, माझ्याशी भांडायचं असेल तर या आणि भांडा. पण मी हलणार नाही.

तुमची,
छबू

---

१४ ऑक्टोबर

प्रिय छबू,

कागद पोस्टात टाकले नव्हते. पाकिटात घालून, तिकीट लावून, दाराशी ठेवले होते. आता फाडले. फर्निचरवाल्यालाही तसं कळवलं.

तुझं पत्र वाचून रात्रभर झोप नाही. तुमचे ते मास्तर खडकावर उभे आहेत आणि त्यांच्या जागी मी, असंच दिसत राहिलं. माझ्या गल्लीत पूर्वी कानाच्या यंत्राचं दुकान होतं, शिंपी होता, दिवे दुरुस्त करणारा होता. मी जिन्यावरून पडले असते तर शिंप्याच्या बायकोला संध्याकाळपर्यंत कळलं असतं. आता सगळ्या शटरांवर कुलपं. यंत्र बिघडलं की पार्सल करून पाठवायचं आणि ते येईपर्यंत ठार बहिरं बसायचं. मी घराबाहेर गेले किंवा गेले नाही, कुणाला काय पत्ता? आणि मी तुला ऐटीत लिहिलं, दार उघडलं की खोकं.

आता माझं ऐक. तू गंडवलंस, तसं मीही. मला जागेचं काही घेणंदेणं नव्हतं. दुकान विकलं असतं तर तुम्ही दोघं इथे आला असतात. मागच्या दोन खोल्या रंगवून घेतल्यात. गुंड्यासाठी न्हाणीघरात आधाराची दांडी बसवलीये. आमचे हे गेल्यापासून घरात माझ्याशिवाय कुणी चालत नाही. मला ऐकू येत नाही म्हणून, नाहीतर माझीच पावलं ऐकून मी वेडी झाले असते.

सरळ "या" म्हणायला जीभ वळली नाही. थोरली ना मी.

ताई

---

३ नोव्हेंबर

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी स्वतः वाचलं. आपल्या आपण. मग मला म्हणाले, "रंग कुठला दिलाय विचार." डोळे पुसत होते, पण विचारलं रंगाचंच.

ताई, आम्ही येणार नाही. राहायला नाही. तुम्ही दुखावाल म्हणून गोलगोल लिहिणार होते, पण गोलगोल लिहून आपल्या दोघींचं काय झालं ते पाहिलंच. महिन्यातून एकदा मात्र येत जाऊ, दुकान नावाड्याच्या बायकोवर टाकून. खोल्या मोडू नका. आणि उन्हाळ्यात तुम्ही इकडे या, पाहुण्या म्हणून नाही, काउंटरवर बसायला. गळाचे नंबर तुम्हाला माझ्यापेक्षा आधीपासून पाठ आहेत.

फर्निचरवाला आला होता. तुमचं पत्र मिळूनही आला, ह्यांना एकटं गाठावं म्हणून. हे बाहेर बाकावर बसून रीळ साफ करत होते. डाव्या हातानं करतात, मी त्यांचा उजवा हात. दिवसभर आमची त्यावरून जुंपते. घट्ट धर म्हणतात, मग एवढं घट्ट कशाला म्हणतात.

तो म्हणाला, "काका, तुम्ही तर मला हो म्हणाला होतात."

हे रिळावरून मान वर न काढता म्हणाले, "तेव्हा मी वर होतो."

त्याला काही समजलं नाही. मला समजलं. मी आत गेले आणि गांडुळांच्या पेटीपाशी जरा उभी राहिले.

गिऱ्हाईक थोडं थोडं परततंय. सगळं नाही. ते फोनवाले गृहस्थ अजून तिकडूनच मागवतात, पण दोरा इथून घेतात आणि मान खाली घालून घेतात. रविवारी सकाळी मी बायकांना काठी धरायला शिकवते. त्यातल्या दोघी चांगल्या आहेत, बाकीच्या गप्पा मारायला येतात आणि मासे पळवून लावतात. पुढच्या वर्षी काय होईल ठाऊक नाही. उद्या शटर वर जाईल, एवढं ठाऊक आहे.

तुमची,
छबू

---

२६ नोव्हेंबर

प्रिय छबू,

फिकट निळा. गुंड्याला सांग, त्याला आवडणार नाही हे माहीत असूनच दिलाय.

तुम्ही येणार नाही म्हटल्यावर दोन दिवस फुगून बसले. मग वाटलं, बघू तरी आपल्या भागात अजून कुणी जिवंत आहे का. काठी घेतली, म्हणजे चालायची, आणि निघाले. आमच्या मागच्या बाजूला तळं आहे. इतकी वर्षं राहतेय, कधी तिकडे फिरकले नव्हते. त्याच्या टोकाला एक टपरी दिसली. पत्र्याची, दारात गळांचे पुडे लटकवलेले. मी लांबूनच ओळखली. वास आला गं, आपल्या दुकानाचा! ओल्या मातीचा.

आत एक बाई बसलेली, तुझ्याच वयाची. ती काय बोलली मला ऐकू आलं नाही, मी काय विचारलं ते तिला नीटसं कळलं नाही. मग मी काउंटरवरचा तंगूस उचलला आणि वडिलांनी शिकवलेली गाठ मारून दाखवली. जिभेनं ओली करून. लग्नानंतर एकदाही मारली नव्हती, पण बोटांना आठवत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, उठली आणि स्वतःचं स्टूल मला दिलं.

तुला लिहायला बसले होते की मला तुझ्याकडची एक हलकी काठी पाठव. पण ते वाक्य लिहिणार नाही आता. पार्सल नकोच. काठी मी तिच्याकडूनच घेतली. उद्या सकाळी तळ्यावर जाणार आहे. कुठल्या बाजूला बसणार, ते तिला सांगून ठेवलंय.

तुझी,
ताई